चार घरांच्या चादरी

हॅलोवे, जॉर्जिया
७ मार्च १९१६

ती. अ‍ॅम्ब्रोजदादास, धाकट्या डेल्फीचा शि. सा. न.

आपल्या काळ्या लोकांना वाईट दाखवणारा तो सिनेमा अठरा तारखेला, शनिवारी, इथे लागणार हे पक्कं. स्टेशनवरच्या टॉलिव्हरकाकांनी जाहिरातींचा गठ्ठा स्वतः उतरवला. खेळाआधी सिनेमातल्यासारखे पांढऱ्या झग्यांतले गोरे स्वार गावातून फिरणार म्हणे. सायलस म्हणतो, बारा वर्षं जजसाहेबांची गाडी हाकतोय, काही झालंच तर त्यांच्या पागेच्या माळ्यावर लपू. तुझा मेहुणा निवांत आहे, मला मात्र झोप नाही.

धुणं नेहमीचंच. फक्त चार गोऱ्या घरांतून या सोमवारी चादरी दोन-दोन कमी आल्या. माझ्या हातचं धुणं आवडेनासं झालं की काय!

तुझ्या भाचीला, रूबीला, खोकला आहे. आमची आठवण ठेव.

तुझी डेल्फी

शिकागो
१० मार्च

चि. डेल्फीस, अनेक आशीर्वाद.

तो सिनेमा मी इथे पाहिला, आपल्या लोकांसाठीच्या माडीवर बसून. आपल्यातला दुष्ट माणूस म्हणून एक गोरा नट तोंडाला काजळी फासून आलाय. गोऱ्या पोरीला धरतो तेव्हा तिच्या बाहीला काळा डाग पडतो. आम्ही खूप हसलो. मग पांढऱ्या झग्यांतले स्वार त्याला फासावर द्यायला दोर घेऊन निघाले आणि खाली सगळं थिएटर उभं राहून ओरडू लागलं. ती गर्दी पांगेपर्यंत आम्ही जागचे हललो नाही.

वेडाबाई, तुझ्या धुण्यात खोट नाही. ते झगे कशाचे शिवतात? सोमवारी पुन्हा मोज. त्या चारांत जजचं घर असलं, तर माळ्याचं नाव काढू नका.

रूबीचा पापा घे.

तुझा दादा

हॅलोवे
१४ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

जजचं घर त्यात आहे. कालही चादरी आल्या नाहीत. सायलस माझ्यावर डाफरला, फाटल्या असतील म्हणाला. मग स्वतःच विचारायला गेला. बाईसाहेब हसून म्हणाल्या, पुढच्या सोमवारी येतील, डेल्फीला नीट घासायला सांग, घोड्याचा घाम लवकर निघत नाही. घरी येऊन त्याने पलंगाखालची पेटी ओढली.

इथे शिकागोचं तिकीट मागितलं तर गावभर होईल. म्हणून शुक्रवारी पहाटे पुढच्या स्टेशनापर्यंत आठ मैल चालणार आहोत. वाट जजच्या शेतावरूनच जाते. रूबीला खोकू नको म्हणून कसं सांगू?

रविवारी सकाळच्या गाडीला तिथल्या स्टेशनावर ये. त्या गाडीत नसलो, तर पुढचीही बघ.

भेटेपर्यंत जीव आमच्यात ठेव.

तुझी डेल्फी