पाच अंकांची दाढ

२ जून, सकाळी

ठरलं. आजपासून लिहायचं. टीव्हीसाठी ड्रामा सिरीज, आणि तिचा पायलट. पायलट म्हणजे पहिला भाग. तो वाचून चॅनलवाले ठरवतात, सिरीज करायची की नाही. ऑनलाइन कोर्स पूर्ण झाला. शेवटचे दोन व्हिडिओ राहिलेत, पण तोवर जे कळायचं ते कळलेलं असतं.

स्ट्रक्चर तसं सोपं आहे. आधी टीझर. दोन-तीन पानांत असं काही घडवायचं की बघणाऱ्याचा हात रिमोटवरून उठला पाहिजे. मग पाच अंक. प्रत्येक अंकाच्या शेवटी घोडं नेमकं अडलं पाहिजे, कारण तिथे जाहिराती लागतात. एकूण साठ पानं, पानाला एक मिनिट. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून बसलेल्या माणसाला साठ पानं म्हणजे किस झाड की पत्ती.

रोज सहा ते नऊ लेखन. दहाला दवाखाना.

बायकोला सांगितलं. तीही डेंटिस्टच, दवाखाना एक, खुर्च्या दोन, मध्ये पार्टिशन. म्हणाली, लिही की, पण आधी त्या कॉम्प्रेसरवाल्याला फोन कर, तुझी खुर्ची वर जाताना रेकते. कलावंताच्या घरी हे असंच असायचं.

३ जून

उठायला साडेआठ झाले. पण झोपेत डोकं चालूच होतं. झोपेत केलेलं काम कोणी मोजत नाही, ही खरी अडचण.

५ जून

टीझर झाला! नायक हार्ट सर्जन. ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटच्या तोंडावरचं कापड बाजूला करतो, तर खाली त्याचाच चेहरा! कट. टायटल येतं: ‘सातवा टाका’.

मुलीने विचारलं, बाबा, डेंटिस्टच का नाही दाखवत, तुला त्यातलं सगळं माहीत आहे. तिला समजावलं की दातांत नाट्य नसतं. दुखतो, काढतो, कापूस दाबून धरतो, संपलं.

बायकोने दोन्ही पानं उभ्याउभ्या वाचली, केस विंचरता विंचरता. छान आहे म्हणाली. पण या सर्जनला हवंय काय? म्हटलं, ते गूढ आहे. म्हणाली, आपल्याला गूढ असू दे, त्याला तरी माहीत आहे ना?

मुळाशी जायची सवयच आहे तिला. धंद्यात ठीक आहे, साहित्यात त्रास होतो.

९ जून

पहिला अंक पुढे सरकत नाही. कोर्सवाला म्हणतो, आधी गोष्ट कोणाला तरी तोंडी सांगा आणि ऐकणारा कुठे चुळबुळतो ते बघा. कोणाला सांगू? मुलगी कानात काहीतरी खुपसून बसलेली असते. बायको ‘हं’ म्हणते. तिच्या ‘हं’चे सगळे अर्थ मला पाठ आहेत, आणि त्यात चांगला एकही नाही.

त्याच दिवशी, दुपारी

सापडलं! काखेत कळसा. पेशंट! खुर्ची आडवी, तोंड उघडं, मध्येच उठून जायची सोय नाही. असा प्रेक्षक कोणत्या लेखकाच्या नशिबी आला असेल?

११ जून

निवृत्त बँक मॅनेजरांना टीझर आणि पहिला अंक ऐकवला. अंकाच्या शेवटी कळतं की सर्जनचा जुळा भाऊ जिवंत आहे. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याच अंगावर काटा आला.

भूल द्यायची राहिली होती, हे नंतर लक्षात आलं. पण अश्रू ते अश्रू.

१६ जून

रिसेप्शनवरच्या बाई सांगतात की लोक फोनवर ‘मॅडमचीच वेळ द्या’ म्हणतात. सध्या लेडी डॉक्टरची फॅशन आहे. येईल तशी जाईल.

आज पार्टिशनच्या पलीकडे बसायला जागा नाही, माझ्याकडे दोघे. त्यांतला एक पत्ता विचारायला आलेला. त्याला टीझर सांगितला. पत्ता न घेताच गेला. एवढा गुंगला.

२० जून

आजचा दिवस सोन्याचा! दुपारी एक बाई गाल धरून आल्या. खालची डावी दाढ. मॅडम रिकाम्या नव्हत्या आणि बाईंना थांबवत नव्हतं, म्हणून माझ्या वाट्याला. खुर्चीत बसता बसता फोनवर कोणाला तरी झापत होत्या: तिसरा एपिसोड परत लिहून घ्या, दुसऱ्या अंकात जीव नाही, आणि लेखकाला सांगा, रडू नकोस. चौकशी केली तर चॅनलवर ड्रामा विभागाच्या प्रमुख! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. माझ्या बाबतीत दाढ किडवून दिलं.

रूट कॅनल करावं लागणार. दोन बैठकांचं काम. पण माझे अंक पाच.

विचार केला. दाढ नाजूक आहे. घाई बरी नव्हे.

पहिल्या बैठकीत नस काढली, दुखणं थांबवलं, टीझर आणि पहिला अंक सांगितला. जुळ्या भावाशी आलो तेव्हा बाईंच्या घशातून आवाज आला. ‘आं’ असा, खोल. जाताना दाढेत तात्पुरतं सिमेंट, मनात कायमचं कुतूहल. याला म्हणतात अंकाचा शेवट.

२५ जून

दुसरी बैठक. दाढेच्या नळ्या स्वच्छ झाल्या. खरं तर आजच भरून टाकता आल्या असत्या. पण दुसरा अंक कुठे, शेवट कुठे! सर्जनला गोळी लागते, तो मरतो, तिथे थांबलो. बाईंनी डावा हात वर केला. दुखलं तर हात वर करा, असं मीच सांगितलं होतं. पण त्या वेळी मी दुखण्यासारखं काही करतच नव्हतो. म्हणजे गोष्टच आतपर्यंत पोचली.

२९ जून

लिहिलेली पानं: अडीच. बोललेली: भरपूर. लिहिणं म्हणजे शेवटी हमालीच. खरं काम डोक्यात होतं.

जेवताना मुलीला तिसरा अंक सांगितला. ती म्हणाली, बाबा, सर्जन मेला ना? मग ऑपरेशन कोण करतंय? म्हटलं, जुळा भाऊ. म्हणाली, तो तर जहाजावर खलाशी होता, डॉक्टरकी कधी शिकला? ही पिढी बारीकसारीक गोष्टींत अडकते. बायको म्हणाली, चॅनलवाल्या बाईंची दाढ झाली का रे? विषय बदलायची तिला भारी हौस. म्हटलं, वेळ लागतोय, नळ्या वाकड्या आहेत.

नळ्या सरळसोट आहेत. पण हे तिला सांगून काय करायचंय?

३ जुलै

तिसरी बैठक. दाढेत करण्यासारखं काही उरलेलं नाही. सिमेंट काढलं, औषध बदललं, सिमेंट भरलं. मध्ये तिसरा अंक. बाईंनी चूळ भरून विचारलं, अजून किती? मी म्हटलं, दोन अंक. मग सावरून म्हटलं, दोन बैठका. त्यांच्या भुवया कपाळात गेल्या. उत्कंठा शिगेला!

पायलट मंजूर झाल्यावर दवाखाना पूर्णपणे बायकोकडे द्यायचा. तिला एकदम धक्का नको. हळूहळू सांगू.

८ जुलै

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

चौथी बैठक. बाई आडव्या, मी चौथ्या अंकात. बायको काहीतरी न्यायला पार्टिशनच्या अलीकडे आली. स्क्रीनवर दाढेचा एक्स-रे होता. तो तिने पाहिला. जुना उघडून पाहिला. मग म्हणाली, डॉक्टर, जरा बाजूला येता का? एरवी ती मला कधी डॉक्टर म्हणत नाही.

हळू आवाजात विचारलं की नळ्या गेल्या महिन्यात स्वच्छ झाल्यात, भरायला तयार आहेत, मग तू इथे करतोयस काय? मी म्हटलं, चौथा अंक.

दातखीळ बसावी, ती अशा वेळी बसत नाही.

ती माझ्या स्टुलावर बसली आणि तिने दाढ भरून टाकली. मी शेजारी सक्शन, म्हणजे तोंडातली थुंकी ओढून घेणारी नळी, धरून उभा. काम झाल्यावर तिने बाईंना उठवून बसवलं आणि सरळ सांगितलं की तुमच्या शेवटच्या दोन फेऱ्या विनाकारण झाल्या, चूक आमची आहे. आमची म्हणाली. ‘याची’ म्हणाली असती तर बरं झालं असतं. ‘आमची’ जास्त लागलं.

बाई चिडल्या नाहीत. त्यांचा अर्धा ओठ बधिर होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. म्हणाल्या, मला वाटलं, पेशंट घाबरू नये म्हणून डॉक्टर एखादी जुनी मालिका आठवून आठवून सांगतात. मी म्हटलं, ती माझी आहे, पायलट आहे. मी विचारलं, घरी गेल्यावर पुढे काय होणार, असा प्रश्न पडायचा का? पडायचा म्हणाल्या. दाढेचं.

मग पर्स उचलता उचलता, तशा प्रेमानेच, म्हणाल्या की तुमच्या गोष्टीत अंक संपताना कोणीतरी मरतं, पण त्याआधी जगताना दिसत नाही. मग मेल्याचं दुःख होणार कसं?

रिसेप्शनवरच्या बाईंनी कान टवकारले होते. आता सगळ्या बिल्डिंगला कळेल.

९ जुलै

बायको बोलत नाही. नाश्ता मुलीच्या मार्फत मागावा लागला.

संध्याकाळी बोलली. नसती बोलली तर बरं. म्हणाली, माणूस आपल्या खुर्चीत मान मागे टाकतो, डोळे मिटतो, तोंड उघडं ठेवतो, ते कोणाच्या भरवशावर? आणि तू त्याला कोंडून गोष्ट सांगतोस. मी म्हटलं, मी कोणाला त्रास व्हावा म्हणून नाही केलं. म्हणाली, तेच तर. तुला समोर माणूस आहे हेच दिसलं नाही.

वाक्य फार चांगलं आहे. पाचव्या अंकात सर्जनच्या बायकोला देता येईल, म्हणून लिहून ठेवलं. मग लाज वाटली. खोडलं. लक्षात आहे मात्र.

१३ जुलै

नवी व्यवस्था. मी फक्त दात साफ करायचे. मास्क लावून. पार्टिशनचं दार उघडं ठेवून. एका आजींनी बसण्याआधीच विचारलं, डॉक्टर बोलणार नाहीत ना? बँक मॅनेजर चौकापलीकडच्या दवाखान्यात जायला लागलेत म्हणे. तिथल्या डॉक्टरला काय येतं? त्याला साधं एक वाक्य नीट बोलता येत नाही.

कदाचित म्हणूनच.

दिवसभर माझी खुर्ची रिकामी. पलीकडून ‘आ करा, थोडं दुखेल हां, झालंच बघा’ असा तिचा आवाज येत राहतो. पेशंटला ती एवढंच सांगते. त्यात ना टीझर, ना अंक. तरी लोक परत येतात.

१९ जुलै

वेळच वेळ होता. साठ पानं पूर्ण झाली. स्वतःच्याच खुर्चीत आडवा पडून वाचायला घेतली, प्रेक्षक म्हणून. नवव्या पानावर हात आपोआप वर गेला.

यापुढे लिहिणं बंद. गोष्टी सांगणं बंद. दात एके दात. हा निश्चय पक्का. या वेळी खरंच पक्का.

२४ जुलै

सकाळी बायकोचा गाल सुजलेला. उजवी वरची दाढ, आत पू झालेला. तीन दिवस गोळ्या घेऊन पेशंट बघत होती. मला पत्ता नाही. एका टेबलावर जेवतो आम्ही.

स्वतःची दाढ स्वतःला करता येत नाही. मीच म्हटलं, चौकापलीकडच्याला फोन करतो, तो लगेच वेळ देईल. नंबर लावलासुद्धा. तिने फोन काढून घेतला, माझ्या खुर्चीत जाऊन बसली, मान मागे टाकली आणि म्हणाली, चल.

भूल दिली, थांबलो, पुन्हा विचारलं, बधिर झालंय ना नक्की? मग सुरुवात केली. एक शब्द बोललो नाही. इतकं नीट काम मी कित्येक वर्षांत केलं नसेल. पार्टिशनपलीकडे शांतता, फक्त ड्रिलचा आवाज. तिने डोळे मिटले होते. वाटलं, झालं सगळं पूर्ववत.

मग तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. भुवया उंचावून, अगदी मऊ आवाजात: ‘आं... ऊं आं?’

उघड्या तोंडाची भाषा मला कळते. धंदाच तो. ती विचारत होती, मग पुढे?

ड्रिल खाली ठेवलं, मास्क उतरवला, स्टूल जवळ ओढलं आणि पाचवा अंक अगदी पहिल्यापासून सांगितला. जुळा भाऊ कोर्टात उभा राहतो इथपर्यंत आलो. तिची नजर माझ्यावरून हलली नाही. हाताने खुणावत होती, सांग, सांग.

शेवटी ती स्वतःच उठून बसली आणि तिने माझ्यामागच्या हुकवरून नळी ओढून घेतली.

सक्शन मागत होती.