कॅमेऱ्याकडे पाठ

मंगळवार, ता. ४
सकाळ

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, बाबा नेहमीसारखे कुरकुरत नाहीत. तुमच्याकडेही सगळे मजेत असतील.

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर न येता घरी आलं, म्हणून दचकली असशील. पाकीट उलटून बघ. मागे माझं पूर्ण नाव आहे, खाली हॉस्पिटलचा पत्ता: अपस्मार विभाग, दुसरा मजला, खाट सहा. तुझ्या सासूबाईंनी तुझ्या आधी वाचलं असेल तर वाचू दे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तुझं पत्र मिळालं. डोक्याला हात लावू देऊ नकोस, गोळ्यांवर इतकी वर्षं निघाली तशी पुढचीही निघतील, आणि ऑपरेशन करायचंच ठरलं तर इकडे कुणाला कळू देऊ नकोस. दोन पानांत तू एवढंच लिहिलंस. उत्तर शेवटी देते. आधी इकडची हकीकत.

मला इथे येऊन नऊ दिवस झाले. डोक्याला तारा चिकटवल्यात, वरून पट्टी. बाबा म्हणाले, "टीव्हीची मागची बाजू दिसतेस." छताला कॅमेरा आहे, त्याला झोप नाही. गोळ्या रोज थोड्या कमी करतात. ऑपरेशन करायचं तर आकडी डोक्यात नेमकी कुठून निघते ते कळायला हवं, आणि त्यासाठी ती यायला हवी. निदान तीन हव्यात, त्याही तारांवर आणि कॅमेऱ्यात दोन्हीकडे धड उमटलेल्या. दहा दिवसांत जमलं नाही तर खाट पुढच्या माणसाला.

सतरा वर्षं जी येऊ नये म्हणून घरात कुणी मोठ्याने शिंकलंसुद्धा नाही, तिची आम्ही डोळे लावून वाट बघत होतो. आई म्हणाली, "नको असला की पाहुणा दारात उभा. बोलावला की त्याला शंभर कामं."

तिसऱ्या दिवशी आली. आईच्या हातात बटण दिलं होतं. सुरू झालं की दाबायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच काम. आईने बटण दाबलं. मग पायथ्याची चादर उचलून माझ्यावर घातली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. रस्त्यात, दुकानात, लोकांच्या घरी आजवर उभी राहत आली तशीच.

डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, "काकू, तुमची पाठ फार छान आली आहे. पेशंट कुठे आहे?"

"हात आपोआप जातो हो," आई म्हणाली.

ती वाया गेली. पाचव्या दिवशी दुसरी आली. चादर आम्ही आधीच काढून ठेवली होती, तर आईने स्वतःची शाल टाकली. तीही वाया. त्या दिवशी आई जेवली नाही. मीही तिला समजावलं नाही. खरं सांगायचं तर मी तिच्यावर ओरडले. "तू मला बरी करायला आलीस की झाकायला?" असं म्हणाले.

बाबा दुकानाला कुलूप लावून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईला एकच वाक्य सांगितलं, "तू हातांवर बस."

दुपार

मध्ये डॉक्टरबाई आल्या होत्या. आजवर कुठे कुठे लागलं ते त्यांना लिहून घ्यायचं होतं. मनगटावरचा चट्टा, तो इस्त्रीचा. पुढचा अर्धा दात, तो नळाचा. "आणि हनुवटीचे टाके?"

"जिन्यावरून पडली," आई म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. असो.

धोका काय ते त्यांनी न लपवता सांगितलं. जागा डावीकडे आहे, शब्दांच्या शेजारी. दहातल्या सहा-सात जणांच्या आकड्या थांबतात. काहींना मात्र नंतर नावं चटकन आठवत नाहीत. वस्तू समोर दिसते, नाव येत नाही. त्याची परीक्षाही झाली. चित्रं दाखवतात, आपण नाव सांगायचं. मी कात्री सांगितली, शिडी सांगितली. नांगराशी अडकले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शहरातल्यांचं तिथे अडतंच." पण मी घाबरले, ताई. हे तुला एकटीलाच सांगते. म्हणून पत्र आज लिहितेय, सगळे शब्द जागेवर असताना.

बाबांना मी विचारलं, "शब्द गेले तर?" त्यांनी खिशातून एक काच काढली, चष्म्याची, घासलेली, आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "दुसऱ्या चाकाला तेल घातलंय."

तुला ते चाक आठवत असेल. दुकानात काचा घासायची दोन चाकं, एक त्यांचं, एक माझं व्हायचं होतं. तेरा वर्षांची होते तेव्हापासून मी गल्ल्यावर बसून लोकांचे चष्मे पुसते. फिरत्या चाकापाशी आकडी आली तर बोटं जातील, हे खरंच होतं. पण सतरा वर्षं पाठीमागे त्याचा आवाज ऐकत बसणं काय असतं, ते मलाच ठाऊक. आता एक वर्ष आकडीशिवाय गेलं तर मी चाकावर बसू शकते. डॉक्टरबाईंनी तसं लिहून दिलंय. चाकाला शब्द लागत नाहीत.

संध्याकाळ

राहिलेलं सांगते.

सातव्या आणि आठव्या दिवशी मिळून तीन आल्या. तिन्ही धड उमटल्या. आई तिन्ही वेळा हातांवर बसून होती. बटणसुद्धा तिने मांडीखाली दाबलं.

मला त्यातलं काही आठवत नाही, कधीच आठवत नाही. म्हणून मी म्हटलं, मला दाखवा. डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळ्यांना बघवत नाही. मी म्हटलं, सगळ्यांनी बघितलंय, मीच तेवढी राहिलेय.

त्यांनी दाखवलं.

पडद्यावर एक बाई आहे. बोलता बोलता थांबते. ओठ चावल्यासारखं करते. डाव्या हाताने सदऱ्याचं बटण चाचपडते, उजवा हात वाकडा होऊन ताठरतो. मग अंग झटके देतं. तोंडातून फेस येतो. मग ती झोपते. एक मिनिट चाळीस सेकंद. बाजूला खुर्चीत हातांवर बसलेली आई कॅमेऱ्याकडे बघून सांगते आहे, "बघा. नीट बघून घ्या."

मी ते दोनदा बघितलं. मला वाटलं होतं, मी काहीतरी भयंकर होत असेन. इतकी वर्षं तुम्ही सगळे ज्या घाईने झाकत होता, त्यावरून वाटायचं. ताई, एक मिनिट चाळीस सेकंद. एवढ्यासाठी तू कडी लावलीस?

जिना नव्हताच. तुझ्या सासरचे पहिल्यांदा घरी आले, तेव्हा तू मला काचांच्या खोक्यांच्या खोलीत बसवलंस. "अर्धाच तास, माझी शहाणी," म्हणालीस, आणि बाहेरून कडी घातलीस. शुद्धीवर आले तेव्हा बाहेर कुणीतरी हसत होतं. हनुवटी खोक्याच्या कडेला फुटली होती. पाहुणे गेल्यावर आईने दार उघडलं. जिना तिने तिथेच रचला, मी मान हलवली, आणि तू काहीच विचारलं नाहीस. त्यानंतर तुझ्या सासरी मी तुझी लांबची चुलत बहीण झाले. नऊ वर्षं मी तुला शाळेच्या पत्त्यावर लिहिलं.

आज डॉक्टरबाई परत आल्या तेव्हा मी सांगितलं, "हनुवटीचं खोडा. खोलीला बाहेरून कडी होती." कुणी लावली ते त्यांनी विचारलं नाही. आई रडली, पण जिना म्हणाली नाही.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. ऑपरेशन चौदा तारखेला, शुक्रवारी. सही मी स्वतः केली. तू ये असं मी म्हणत नाही. आई बाहेर बसेल, तिच्या शेजारी एक खुर्ची असेल, तिथे कुणी बसलं तर उठवणार नाही.

पण दोन महिन्यांनी मी तुझ्या घरी येईन. पुढच्या दाराने, दिवसाढवळ्या. केस बोटभर असतील, कानाच्या वर टाक्यांची खूण असेल, डोक्याला काही बांधणार नाही. कदाचित दारात उभी राहून तुझं नावच मला आठवणार नाही. सासूबाई विचारतील, ही कोण. त्या वेळी सांगायचं काम तुझं.

कडी या खेपेला आतून, तुझ्या बाजूला आहे. काढायला एक हात पुरतो.

भाच्यांना त्यांच्या मावशीचे आशीर्वाद. मावशी हा शब्द त्यांना समजावून सांग.

तुझी,
चुलत नव्हे, सख्खी,
धाकटी बहीण