दोन विटांची मोकळी जागा

आधीच माफी मागते. शुद्धलेखन चुकनार हाय. मोबाईलवर मी एका बोटानं टाईप करते, मग कागदावर छापून घेनार, म्हनून एवढं लिहायला दोन दिवस लागले. आठवीतच शाळा सोडली. जिथं चुकलं तिथं वाचनाऱ्यानं मनातल्या मनात दुरुस्त करावं, पन अर्थ बदलू न्हाई.

मी पंकजा बाबासाहेब गोपाळघरे, वय अठरा पूर्न, मूळची खर्ड्याची. आता राहनार जामखेड रोड, हॉटेल सोबतीच्या मागची खोली, आईसोबत. माझं डोकं ठिकानावर हाय. कुनी धाक दाखवला न्हाई, कुनी पढवलं न्हाई. मंगळवारी नगरला माझं अपेंडिक्स काढनार हायेत. डॉक्टर म्हनाले, तिसऱ्या दिवशी घरी. मला पन तसंच वाटतं, मी काय मरत न्हाई. तरी लिहून ठेवते.

सोबतीत भाकरी थापनाऱ्या मुक्ताबाई म्हनल्या, "एवढ्याशा आप्रेशनला मृत्युपत्र? तुझ्या नावावर हाय तरी काय गं? दोन ड्रेस आन एक चार्जर!" मी बोलतच न्हाई कधी. म्हनून लिहिते.

एक. पोस्टातलं पुस्तक आईला, राहीबाईला. तिनं आधी गुडघ्याचा इलाज करावा. माझ्या भावाच्या, हर्षलच्या मोटारसायकलला त्यातलं काय देऊ न्हाई. हर्षलला माझा मोबाईल. काच तडकलीय. आतले फोटो न बघता काढावेत.

दोन. मुक्ताबाईंना माझे दोन्ही एप्रन. त्या तीन वर्षं मला "आमची मुकी" म्हनून हाका मारतात, ते माफ केलं. त्यांची भाकरी लई चांगली हाय, पन घाई झाली की कड कच्ची राहते. गिऱ्हाईक ती कड ताटाखाली लपवतं. मी चुलीजवळच्या भिंतीतल्या भोकातनं बघितलंय. हे तोंडावर सांगायची हिंमत न्हवती, आता कागदावर हाय.

तीन. आठवीच्या सरांना काय न्हाई. त्यांनी मला फळ्यापुढं उभं केलं आन अख्खा तास "आवाज काढ, आवाज काढ" केलं. मी न्हाई काढला. दुसऱ्या दिवशी गेलेच न्हाई. त्यांना मी माफ केलेलं न्हाई. मेल्यावर करायचं का, ते तवा बघू.

चार. पितळी पळी मेरीकाकूंना परत. ती त्यांच्या नवऱ्याची, थॉमसकाकांची हाय. थॉमस उजागरे म्हंजे सोबतीचे मालक, मागच्या पावसाळ्यात वारले. त्यांना शेठ म्हनलेलं चालत न्हवतं. "शेठ बाजारात असतो, मी काका," म्हनायचे. आमी सगळी जेवल्याशिवाय स्वतः ताटावर बसायचे न्हाईत. पळीवर एक पोचा हाय, तो माझ्या हातनं पडून आलाय. त्यांनी पोचा बघितला आन म्हनले, "आता वळखू येईल, तुझी कोनती ती."

पाच. आता मेन मुद्दा. यासाठीच सगळं लिहिलंय.

माझी आई सोबतीत भांडी घासायची, तिच्या मागं मी आले. पंधरावं सरत आलं हुतं. पहिल्या आठवड्यात काकांनी मला पान्याचा जग घेऊन बाहेर पाठवलं. टेबलावर पाच जन हुते. एकानं विचारलं, "काय गं, जेवायला काय हाय?" मी जग तिथंच ठेवला आन मागं सरपनाच्या आड जाऊन रडले. मला वाटलं, आता घालवनार. आईला पन तेच वाटलं. तिनं पिशवी भरली सुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका छन्नी-हातोडी घेऊन आले. चूल आन हॉल यांच्या मधल्या भिंतीतल्या दोन विटा त्यांनी काढल्या. मी बुटकी, म्हनून खाली तेलाचा रिकामा डबा पालथा घातला. म्हनले, "बाहेर जायचं न्हाई तर नको जाऊ. पन आपन कुनासाठी शिजवतो ते दिसलं पायजे. नुसतं चुलीकडं बघून शिजवलं की ते चुलीपुरतंच ऱ्हातं."

मी डब्यावर उभी राहून बघायला लागले. पहिल्या घासानंतर मानूस थांबला, म्हंजे मीठ जास्त. पानी आधी घेतलं, तर तिखट. जो बोलायचा बंद होतो त्याला न विचारता आमटी वाढायची. एकदा एक म्हातारे आले. दात न्हवते, भाकरी नुसती फिरवत हुते, मागायला लाजत हुते. ते मला लगेच कळलं, लाजनं मला वळखू येतं. मी भाकरी चुरून, वर गरम आमटी घालून वाटी पाठवली. म्हाताऱ्यांनी वाटी पुसून खाल्ली. तेवढ्यात भोकात पलीकडनं एक डोळा आला. काकांचा. म्हनले, "पंकजा, पास झालीस."

आज सोबतीची शिपी आमटी, म्हंजे आमच्याकडची डाळींची झणझणीत आमटी, मी करते. रोज शंभरेक ताटं. जामखेडवरनं लोकं खास तेवढ्यासाठी येतात. हे मी फुशारकी म्हनून न्हाई सांगत, खरं हाय म्हनून सांगते.

काका जाताना म्हनले हुते, "भोक राहू द्या." पन नुसतं तोंडानं. कागदावर काय न्हवतं. आता नोहादादाला, म्हंजे त्यांच्या मुलाला, हॉलमधे एसी बसवायचाय. तो म्हनतो, "भोकातनं सगळा गारवा चुलीत जाईल." त्याचं पन चूक न्हाई. नोहादादा वाईट न्हाई, पगार वडलांसारखाच एक तारखेला देतो. पन गवंडी वैजनाथमामा मंगळवारी येनार हायेत. मी तिकडं टेबलावर आडवी असनार आन इकडं भोक बुजनार. दादाच्या समोर चार वेळा गेले. चारी वेळा तो म्हनला, "काय पायजे?" आन मी म्हनले, "काय न्हाई."

कोर्टाच्या दिवशी पूजावकील जेवायला येतात. त्यांना मी ताटाखाली चिठ्ठी पाठवली. त्यांनी कागदी रुमालावर लिहून दिलं: अठरा पूर्ण पाहिजे. दोन साक्षीदार पाहिजेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये. आणि दुसऱ्याची भिंत कुणाला देता येत नाही.

बरोबर हाय. भिंत माझी न्हाई. डबा माझा हाय, काकांनी दिलेला. तो डबा मी माझ्यामागं जी कोन चुलीवर उभी राहील तिला देते. अट एकच, तो भोकाखालीच ठेवायचा. भोक न्हाई राहिलं तर तो नुसता गंजका डबा हाय, भंगारवाला पन घेनार न्हाई.

ती पोरगी बोलनारी असो नायतर माझ्यासारखी, तिनं रोज तिथं उभं राहून मानसं जेवताना बघावीत. मी मंगळवारनंतर परत आले तर ती पोरगी मीच.

सहा. नोहादादाला मी काय देत न्हाई. वैजनाथमामांना पन न्हाई. राग म्हनून न्हाई. ज्याला काय मिळत न्हाई तोच साक्षीदार होतो, आन मला हेच दोघं साक्षीदार पायजेत. माझी एकच विनंती, सही करायच्या आधी पाचवं कलम पुरतं वाचावं. मी तवर चुलीपाशी हाय.

ठिकान: हॉटेल सोबती, चिचोंडी पाटीलच्या अलीकडं, ता. नगर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६
सही: पंकजा बा. गोपाळघरे

साक्षीदार एक: नोहा थॉमस उजागरे. वाचलं. दोनदा वाचलं. पंकजा, हे तोंडानं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. बरं, ते तुला जमत नाही, माहितीय. भोकाला सरकती काच बसवू. उघडायची तेव्हा उघड.

साक्षीदार दोन: वैजनाथ गवंडी. सही माझ्यासमोर झाली. पण विटा आणून टाकल्यात मागं, त्यांचं काय करू?

(खाली नोहादादानंच लिहिलंय: मामा, त्याच विटांचा भोकाखाली पक्का ओटा बांधा, दीड हात उंच. डबा गंजलाय, पडेल एखाद दिवशी.)

मी वाचलं. पाचव्या कलमात डब्याच्या जागी ओटा धरावा. डबा मी खोलीत नेला.

आत्ता आई पळत आली. समोरच्या टायरवाल्याच्या शेळीला तीन करडं झाली, आन एक पार पांढरं हाय.