दोन बोटं जागा

४ सप्टेंबर

टप उघडणारी गाडी! यांना आता टप उघडणारी गाडी घ्यायची आहे.

कापडी टपाची नाही — ती म्हणे गळते. पत्र्याच्या टपाची. बटण दाबलं की टपाच्या घड्या पडतात आणि सगळा टप मागे डिकीत जाऊन झोपतो. नवी परवडणार नाही, म्हणून कुणीतरी वापरलेली. मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला आले. मी कापड बेतत होते. माझ्या हातात कात्री असताना माझ्याशी बोलू नये, हे एवढ्या वर्षांत कळलेलं नाही.

निवृत्त होऊन दोन महिने झाले. आयुष्यभर लिफ्ट तपासल्या. ही चालते का, ही अडकते का, अडकली तर आतला माणूस बाहेर कसा काढायचा. आता तपासायला लिफ्ट उरली नाही, तर डोक्यात हे खूळ. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही.

५ सप्टेंबर

आज पुन्हा तोच व्हिडिओ. चहा गार झाला. त्यांचाही, माझाही.

८ सप्टेंबर

विचारलंच शेवटी. "दोन दारं? मागे कोण बसणार?"

"मागे कोणी बसायचंच नाही. दोघांपुरतीच असते ती."

"म्हणजे एक तुम्ही. आणि दुसरं?"

मोबाईलमध्ये डोकं घातलं.

दुसरं माणूस मी नाही, एवढं मला कळतं. पाठीत सळया बसवून तीन वर्षं झाली. मानेपासून कमरेपर्यंत लोखंड. तेव्हापासून गाडीत बसणं संपलं. दारातली जुनी गाडी मीच विकायला लावली, रोज बघवेना म्हणून. आता माझी धाव फाटकापर्यंत, पाय बरे असले तर कोपऱ्यापर्यंत. डॉक्टरकडे जायचं तर रुग्णवाहिका, आणि तीत मी आडवी, छताकडे बघत. बाकी दिवसभर या टेबलापाशी उभी. टेबल यांनीच करून दिलंय, उंच आणि उतरतं, मान न वाकवता कापड दिसावं म्हणून. तेव्हा किती विचार करायचे माझा!

९ सप्टेंबर

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती हसत सुटली. "आई, करू दे की बाबांना हौस. लोक या वयात केस काळे करतात, ते गाडी घेतायत."

केस काळे केले असते तर परवडलं असतं. डोक्यावर राहिले असते निदान.

१२ सप्टेंबर

आज मला घरातल्या बोळात स्टुलावर बसवलं. भिंतीला टेकून. "जरा सरळ बस."

म्हटलं, "मला दुसरं काही येतं का?"

हसले नाहीत. माझ्या डोक्यावर फूटपट्टी आडवी ठेवली आणि भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. कशासाठी? तर आरसा लावायचाय. गिऱ्हाइकांसाठी आरसा हवा म्हणून मी वर्षभर घसा कोरडा केला. आता लावणार आणि तोही बसलेल्या माणसासाठी! कपडे काय लोक बसून घालून बघतात?

१५ सप्टेंबर

आरसा नाही. भिंतीवर रेघ मात्र आहे.

आणि माझी टेप गेली. पिवळी, मऊ पडलेली, माझ्या हाताची. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी खण उचकतेय. शेवटी सुतळीनं माप घेतलं. बाई माझ्याकडे अशी बघत होती की पुढचा झगा ती दुसरीकडेच टाकणार. यांना विचारलं तर म्हणे, "असेल इथेच कुठेतरी." या घरात दोन माणसं. एकाला पाठ वाकवून शोधता येत नाही, दुसऱ्याला शोधायचं नसतं.

१८ सप्टेंबर

गाडी दारात आली! अजून घेतलेली नाही, दाखवायला आणली होती. आणणारा एक तरणा दलाल, गॉगल डोक्यावर चढवलेला. डोळ्यांवर येताना मी तो एकदाही पाहिला नाही. गाडी करड्या रंगाची, बुटकी. दिसायला वाईट नाही, उगाच खोटं कशाला लिहू.

मी खिडकीतून बघत होते. हे बटण दाबतात, टप उघडतो. दाबतात, मिटतो. पुन्हा उघडतो. पुन्हा मिटतो. समोरच्या वहिनी हातातलं काम टाकून बाहेर आल्या. गॉगलवाला आधी हसत होता, मग थांबला. "काका, बॅटरी उतरेल हो."

"उतरू दे. उतरल्यावर काय होतं तेच बघायचंय."

आणि उतरली! टप अर्ध्यात थांबला. धड उघडा नाही, धड बंद नाही, जांभई देताना माणूस तसाच राहावा तसा. गॉगलवाल्याचा चेहरा पडला. हे मात्र खुशीत. डिकीपाशी वाकून काहीतरी शोधत बसले. मला आधी हसू आलं. मग राग आला.

एवढा वेळ गाडी दारात होती. सगळी गल्ली बघून गेली. मला एकदाही म्हणाले नाहीत की ये, बघ.

१९ सप्टेंबर

आज बोलून टाकलं. "मला या घरात ठेवून वारा खायला जायचंय ना? जा. चोरून मारून कशाला, उघड जा. पण मला व्हिडिओ दाखवू नका."

ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, थोडं थांब."

लग्न झाल्यापासून हा माणूस मला थोडं थांब म्हणतोय. आणखी थोडं किती असतं?

२० सप्टेंबर

बोलणं बंद.

२२ सप्टेंबर

टेप सापडली. यांच्या कोटाच्या खिशात. धुवायला टाकण्याआधी खिसे बघायची सवय आहे म्हणून, नाहीतर मशीनमध्ये गेली असती. आणि तिच्यावर बॉलपेनच्या दोन खुणा! एकीच्या वर दुसरी, मध्ये दोन बोटं अंतर. टेपवर कुणी खुणा करतं का?

लाज वाटते पण लिहिते. पहिला विचार आला तो बाईचा. जन्म मापं घेण्यात गेला. खालच्या खुणेचा आकडा कुणा सडपातळ बाईच्या छातीचा म्हणून चपखल बसतो. माझा तर नक्कीच नाही. दोघांपुरती गाडी, दुसरं माणूस कोण ते सांगत नाहीत, खिशात टेप... दुपारभर हातून एक टाका धड पडला नाही.

संध्याकाळी बोळातून जाताना ती भिंतीवरची रेघ दिसली. स्टूल अजून तिथेच होतं. का कोण जाणे, टेपचं टोक स्टुलावर धरलं आणि वर नेलं.

खालची खूण बरोब्बर रेघेवर.

ते माप माझं होतं. बसलेल्या माझं, बुडापासून डोक्यापर्यंत. तिथेच स्टुलावर बसले आणि सगळं एकदम उलगडलं. मी गाडीत बसू शकत नाही असं आम्ही म्हणत आलो, पण बसू मी शकते. खुर्चीवर बसतेच ना. शिरू शकत नाही. दारातून शिरायला मान वाकवून टपाखालून जावं लागतं. आणि टपच नसेल तर? पाठमोरी उभी राहीन, खाली बसेन, पाय आत घेईन. मग टप मिटायचा. वरची खूण त्या टपाची. डोक्यावर दोन बोटं जागा.

रडले. सरळ बसून, दुसरं येत नाही म्हणून. आणि रडताना रागही तेवढाच येत होता. मला विचारायला काय झालं होतं या माणसाला?

२३ सप्टेंबर

टेप त्यांच्यासमोर ठेवली. चोर पकडल्यासारखे उभे राहिले. मग बोलले, एरवी महिन्यात बोलतात तेवढं एका दमात.

"त्या व्हॅनच्या वेळी काय झालं आठवतंय ना. ती खुर्चीसकट उचलून आत घेणारी. तू म्हणालीस, मला कपाटासारखं चढवू नका. नंतर कितीतरी दिवस बोलली नाहीस. म्हटलं, या वेळी आधी खात्री करू. नाही जमलं तर तुला कळायलाच नको." किती गाड्या पाहिल्या तेही सांगितलं. प्रत्येक गाडीत टेप लावायची. कुठे डोकं टपाला लागतं, कुठे सीट फार खोल. एकाने तर यांना वेडा समजून बाहेर काढलं.

"आणि तो टप बंद पाडायचा खेळ?"

"आत तू असशील. तो अडकला तर तुला बाहेर कसं काढायचं, हे नको का बघायला?" डिकीत एक किल्ली असते म्हणे. ती फिरवून टप हाताने उघडता येतो. दोनदा करून पाहिलं.

यावर मी काय म्हणावं? म्हटलं, "मी बसणार नाही."

२४ सप्टेंबर

मी का नाही म्हणाले ते इथे तरी लिहावं. सगळी गल्ली बघेल, म्हातारीला बरणीत लोणचं भरावं तसं भरताना. हे एक. दुसरं खरं. घरात मी पडणार नाही, मला माहीत आहे. कुठे काय धरायचं ते हातांना पाठ आहे. बाहेरचं काहीच आठवत नाही. भीती वाटते. यांना हे सांगितलेलं नाही.

२७ सप्टेंबर

घेतली तरी! आपली म्हणून दारात उभी आहे. टप उघडून, दार उघडून म्हणाले, "नुसती बघ." मी फाटकापर्यंत गेले, बघितली, परत आले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "छान आहे हो! तुम्ही नाही बसलात?" म्हटलं, "मला वारा सोसत नाही."

३० सप्टेंबर

रोज सकाळी टप उघडतात, संध्याकाळी मिटतात. दुकान उघडल्यासारखं. मला एक शब्द नाही. आरडाओरडा करणारा नवरा परवडला, हे असं गप्प राहून वाट बघणं म्हणजे छळ आहे.

आज हे बाजारात गेले होते. टप उघडा म्हणजे डिकी भरलेली, एक पिशवीसुद्धा मावत नाही. म्हणून बटाट्याची गोणी शेजारच्या सीटवर. वर सीटबेल्टही लावलेला! माझ्या जागेवर बटाटे फिरून आले.

२ ऑक्टोबर

प्रयत्न केला. पाठमोरी उभी राहिले, यांनी दोन्ही हात धरले. खाली जाता जाता अर्ध्यात गुडघे लटलट कापायला लागले. समोरचा पडदा हलला. मी यांच्यावर ओरडले, "सोडा, सोडा मला!" सोडलं असतं तर पडलेच असते. नाही सोडलं. घरात आणून खुर्चीवर बसवलं.

"असू दे," म्हणाले. वाईट काहीच बोलले नाहीत. बोलायला हवं होतं.

४ ऑक्टोबर

गॉगलवाल्याला फोन केला यांनी. कमी भावाने का होईना, परत घेतो म्हणाला. उद्या संध्याकाळी येणार. "तुला रोज बघायचा त्रास नको," एवढंच बोलले आणि बागेला पाणी घालायला गेले. दुपारी तेवढ्याच बागेला पुन्हा घातलं.

माझ्या हातून दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. शिकाऊ असतानासुद्धा असं झालं नव्हतं.

एक गोष्ट मनातून जात नाही. गिऱ्हाइकाने कपडा अंगावर चढवताना मी कधी समोर उभी राहत नाही. पडदा ओढते आणि पाठ करते. कुणी बघत असलं की माणूस अंग चोरतो आणि बेतलेलं नीट बसत नाही. हे मला माहीत आहे. मग मी स्वतः भर गल्लीत, दोन्ही हात नवऱ्याच्या हातात देऊन काय करत होते?

५ ऑक्टोबर

सकाळी हे बाजारातून आले. एक पिशवी घेऊन आत गेले, दाढी करायला बसले. मी बाहेर गेले. टप उघडाच होता. माझ्या जागी पुन्हा बटाटे, बेल्ट लावून. म्हणून यांच्या जागी बसले. काचेची चौकट धरली, पाठमोरी झाले, गुडघे कापले, कापू दिले. बसले. एकेक पाय आत घेतला. डोक्यावर काहीही नव्हतं.

आतून हाक आली. "अगं?" मग स्वयंपाकघरातून. मग मागच्या खोलीतून, जरा घाबरी. "अगं, कुठे आहेस?"

तीन वर्षांत यांना मला शोधावं लागलं नव्हतं.

मनात म्हटलं, थोडं थांबा. मग हॉर्न दाबला.