उदकदानाची पिंपं

नगरा, झाशी
२० मे १९९७

ती. सौ. ताई,

आम्हा सर्वांचा तुला आणि भाऊजींना नमस्कार. भाऊजींचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळल्यावर इथे सगळ्यांनाच बरं वाटलं. त्यांना जिने चढू देऊ नकोस. ते ऐकणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहितो.

ऊन फार आहे. नळ एक दिवसाआड येतो, तोही पहाटे. स्नेहलतानं आंब्याचं लोणचं घातलं, तुझ्या वाटणीची बरणी वेगळी ठेवली आहे. इंदूवहिनींची कंबर दुखते. दादाची साखर वाढली आहे, पण त्याच्यासमोर तो विषय कोणी काढायचा नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. आईच्या नावाचं उदकदान अक्षय्य तृतीयेला दरवर्षीसारखं झालं. कारखान्याच्या आवारात मांडव घातला, भटजी आले. पिंपं पाण्यानं भरून, वर आंबा आणि पंखा ठेवून, कामगारांच्या घरच्यांच्या हवाली केली. संकल्प तुझ्या नावानं सोडला. बायका टेम्पोत बसून भरलेली पिंपं धरून गेल्या. निम्मं पाणी त्यांच्या बिजौली वस्तीच्या रस्त्यावरच सांडलं असेल. दादा म्हणाला, "बघ, आई कशी मिरवत चालली आहे!" सगळे हसले.

पॅकिंगमधल्या हल्केची बायको गिरजा मध्यंतरी आजारी पडली होती. सरकारी इस्पितळात ठेवावं लागलं. आता घरी आली आहे.

पुढच्या वर्षीपासून पूर्वीसारखे मातीचे माठ द्यावेत असं मला वाटतं. फुटले तर फुटले. कारण सवडीनं लिहीन.

भाऊजींच्या औषधांची नावं कळव. इथे स्वस्त पडतील ती पाठवतो.

तुझा
नीलू


नगरा, झाशी
११ जून १९९७

ती. सौ. ताई,

नमस्कार. "सवडीनं म्हणजे काय? माठ कशाला? आणि गिरजाला झालं काय होतं?" तुझे तिन्ही प्रश्न पोचले. मागचं पत्र लिहिताना सवड भरपूर होती. त्या दिवसांची माझी रोजनिशी उघडली तर तिथेही फक्त तपमान आणि नळाची वेळ आहे.

तर सगळं क्रमानं लिहितो.

आपल्या कारखान्यात कॅप्सूल भरतात हे तुला माहीतच आहे. गेली काही वर्षं त्यात पेनिसिलिनच्या जातीचं औषध असतं. त्याची पूड निळ्या पिंपांतून येते. आत प्लॅस्टिकची पिशवी असते. ती फाटली की पूड पिंपाच्या कडांना आणि तळाला लागते. बहुतेकांना त्यानं काही होत नाही. ज्याच्या अंगाला ते औषध सोसत नाही, त्याचा चिमूटभर पुडीनंही जीव जाऊ शकतो. माठ फुटतात, पिंपं आयती आहेत, आणि झाशीत उन्हाळ्यात पिंपाइतकी कामाची वस्तू दुसरी नाही, म्हणून दादानं उदकदानाला पिंपं द्यायला सुरुवात केली. तुझा संकल्प फक्त पाण्याचा होता. भांडं कुठलं ते तुला कोणी विचारलं नव्हतं.

ही पिंपं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुवून मग साध्या पाण्यानं दोनदा खळबळायची असतात. हे पाहणं माझं काम. कारखान्याचा केमिस्ट मीच, आणि कागदोपत्री सुरक्षा अधिकारीही मीच. यंदा त्या आठवड्यात टँकर आला नाही. पाणी देण्यासाठीची पिंपं धुवायला पाणी नव्हतं. एकेकाला जेमतेम बादलीभर मिळालं, कॉस्टिक तर नाहीच. मी तिथे उभा होतो. धुतलेलं पाणी नेहमीप्रमाणे मागच्या नाल्यात चाललं होतं, तिकडे शेळ्या होत्या, तेही मला दिसत होतं. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा. मी "चालेल" म्हणालो.

गिरजा त्या दिवशी पिंपातलंच पाणी प्यायली. दानाचं पाणी म्हणून घरातल्या सगळ्यांनी घोटघोट घेतलं. बाकीच्यांना काही झालं नाही. तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. हल्केनं तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून ट्रकनं इस्पितळात.

दादाला कळलं तेव्हा मी त्याच्यासमोरच होतो. तो घाबरला होता, ताई. आवाज चढवून बोलत होता तो त्यामुळेच. म्हणाला, "हल्केला सांगितलंय, शिळं खाल्लं म्हणून सांग. सगळा खर्च मी करतो. तू फक्त तिथे जाऊन बस."

"डॉक्टरनं विचारलं तर?"

"तुला कोण विचारतंय? तू घरचा माणूस म्हणून बसायचंस. बोलायचं काही नाही."

मी जाऊन बसलो. पहिल्या दिवशी तिचा श्वास ताळ्यावर आला. मी मनाशी म्हटलं, आता बरी आहे, मग बोलून काय मिळणार? दुसऱ्या दिवशीही तसाच व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. हल्के माझ्यासाठी चहा आणत होता. त्याच्याकडे मान वर करून बघणं मला जड जात होतं.

दुपारी डॉक्टर तिचे हात बघत होते. हात चिरलेले आणि पिकलेले. त्यांनी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "हाथ तो जा घर में आए तब सें ऐसेई हैं. इनके कपड़ा धोत हैं, सो चिरा जात."

ताई, हे ऐकलं तेव्हा मला सगळं उमगलं. हल्के दिवसभर पुडीत काम करतो आणि त्याच कपड्यांनी घरी जातो. गिरजा ते हातानं धुते. पिंप तर फक्त यंदाचं. तिच्या अंगात ते औषध लग्न झाल्यापासून मुरत होतं. कपडे कारखान्यातच धुवावेत असं मी दादाला एकदा सुचवलं होतं. तो "करू" म्हणाला. मी परत विचारलं नाही.

डॉक्टरांनी पिकलेल्या हातांसाठी इंजेक्शन लिहिलं आणि नर्स ट्रे घेऊन आली. मी उठलो. कोणतं इंजेक्शन म्हणून विचारलं. तिनं नाव सांगितलं. त्याच जातीचं होतं.

"सिस्टर, यह मत दीजिए."

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं. डॉक्टर साहब को बुलाइए."

डॉक्टर आले, वैतागलेलेच. मी पिंपाचं सांगितलं, पुडीचं सांगितलं, कपड्यांचं सांगितलं. ते तरुण आहेत, बुंदेलखंडीच असावेत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आप हैं कौन?"

"फैक्टरी का सेफ्टी अफसर."

"अच्छा! तो सेफ्टी अफसर साहब, दो दिन से बेंच की सेफ्टी कर रहे थे?"

ट्रे परत गेला. गिरजाला दुसरं औषध दिलं, ते तिला मानवलं. मी आणखी थोडा वेळ बसून राहिलो असतो तर, हा विचार मी तुझ्याकडे पाठवत नाही, तो माझ्याकडेच राहू दे. डॉक्टरांनी कारण लिहून वर कळवलं. त्यावरून फॅक्टरी इन्स्पेक्टर आले आणि कॅप्सूलचं काम बंद झालं.

दादाचं म्हणणं होतं की पिंपांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. परत मागितली म्हणजे आपणच कबूल केलं. त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. चाळीसेक घरांची चूल त्या कारखान्यावर चालते, हेही तो म्हणाला, आणि तेही खरं आहे. पण पिंपं चाळीस घरांत होती आणि त्यातलं पाणी मुलं पीत होती. मी टेम्पो घेऊन निघालो.

पहिल्याच दारात हल्केची शेजारीण म्हातारी आडवी आली. "काए भैया, दान दओ और लौटावन आ गए? अपनी मताई खों प्यासी राखहौ?"

दान देऊन परत न्यायला आलात, आपल्या आईला तहानलेली ठेवणार का, असं तिनं विचारलं. मी औषधाचं समजावत राहिलो, ती पिंपावर हात ठेवून उभी राहिली. शेवटी रिकाम्या हातानं परतलो. मग मलाच कळलं की भरून दिलेलं भांडं परत मागायचं तर दुसरं भरलेलं दारात ठेवूनच मागायला हवं. माझ्या पैशानं नवी पिंपं घेतली, पाण्याचा टँकर ठरवला आणि पुन्हा निघालो. नवं भरून द्यायचं, जुनं घ्यायचं, त्याच्या बुडाला तिथल्या तिथे भोकं पाडायची. पोरांनी नाव ठेवलं आहे. टेम्पो वळला की ओरडतात, "लो, आ गए ड्रमचोर!" एक पिंप एका कामगाराच्या लेकीच्या आंदणात मोठ गावी गेलं होतं. तिथे पोचलो तर त्यात गहू. त्याचे व्याही म्हणाले, गेहूँ भी दान में ले जाओगे क्या? गहूही बदलून द्यावे लागले. मागच्या वर्षांची काही पिंपं अजून सापडायची आहेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

वकिलानं दादाला एक वाट सुचवली आहे. हे दान कारखान्याचं नव्हतं. घरच्या थोरल्या मुलीनं आईच्या नावानं केलेलं खाजगी धर्मकार्य होतं, पिंपं तिनं दिली, कारखान्याचा संबंध नाही. संकल्प तुझ्या नावानं सोडला होता याला भटजी साक्षीदार आहेत. तू तसं लिहून दिलंस तर कारखाना मोकळा होतो. दादा तुला फोन करील. गोड बोलेल, आणि ते गोड बोलणं खोटं नसेल. तुझ्यावर काही शेकणार नाही असं वकील म्हणतो. सागरला राहणाऱ्या बाईला कोण विचारायला येतं?

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही. कारखान्यात तुझाही वाटा आहे आणि भाऊजींचं दुखणं तुझ्यासमोर आहे. फक्त एक गोष्ट तुला आधी माहीत असावी, म्हणजे तू अंधारात राहणार नाहीस. इन्स्पेक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं आहे की पिंपं कारखान्याची होती, धुणं माझ्या देखरेखीखाली झालं आणि मी "चालेल" म्हणालो. दादाला मी हे त्याच संध्याकाळी सांगितलं. तो उठून वर गेला.

भाऊजींना यातलं किती सांगायचं ते तू ठरव.

तुझा
नीलकंठ


नगरा, झाशी
२४ जून १९९७

ती. सौ. ताई,

नमस्कार. तुझा आणि दादाचा फोन झाला तेव्हा इंदूवहिनी शेजारी होत्या, त्यांच्याकडून कळलं. तू म्हणालीस म्हणे, "रमाकांत, दान माझं होतं. पिंप तुझं होतं. दोन्ही माझ्या पदरात कशाला घालतोस?" दादानं फोन ठेवला. वहिनींनी चहा दिला, तो निवून गेला.

माझ्या पत्रामुळे तू तसं बोललीस की नुसत्या फोनवरही तसंच बोलली असतीस, हे मी दोन दिवस स्वतःला विचारतो आहे. उत्तर तुझ्याकडूनही नको.

गिरजा बरी आहे. हल्केचे कपडे ती आता धूत नाही. कारखाना बंद असल्यानं धुण्याजोगे कपडेच नाहीत, हा भाग वेगळा. कामगारांपैकी काहीजण माझ्याशी बोलायचे थांबले. दोघांनी दुसरीकडे काम धरलं. हल्के रोज दारात येऊन विचारतो, "भैया, कब खुलेगी?" मी त्याला सांगतो, कपडे धुण्याची जागा आणि धुवणाचं पाणी साठवायची टाकी झाल्याशिवाय नाही. तो मान हलवतो. त्याला रोजी हवी आहे आणि मी टाकीचं बोलतो.

दादा माझ्याशी बोलतो, पण हिंदीतून. जेवणं वर-खाली वेगळी झालेली नाहीत. पानावर बसून तो मला म्हणतो, "नीलकंठजी, नमक इधर दीजिए." बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं, अगदी अदबीनं. मुलांना आधी गंमत वाटली. आता तीही पटापट जेवून उठतात. मी मराठीतूनच उत्तर देतो.

पुढच्या सोमवारी सुनावणी आहे. आम्हा दोघांनाही हजर राहायचं आहे. आज सकाळी दादा अंगणात गाडी पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवार को आप कैसे जाएँगे?"

"स्कूटरनं."

"धूप बहुत है. गाड़ी में बैठ जाइएगा. मैं नौ बजे निकलूँगा."

तिथे मी काय सांगणार आहे ते त्याला शब्दन् शब्द माहीत आहे. मी "बरं" म्हणालो. तो पुसत राहिला.

सोमवारी नऊ वाजता आमची आठवण काढ.

तुझा आणि दादाचा भाऊ,
नीलकंठ