फ्रिज मीच बंद केला होता

ताई,

फ्रिजमधलं इन्सुलिन बाबांना देऊ नकोस. काल गाणं रेकॉर्ड करताना घरघर नको म्हणून मी फ्रिज बंद केला आणि चालू करायचं पार विसरलो. सकाळी बघतो तर आतलं सगळं कोमट. तू नाईट करून आत्ताच झोपलीस म्हणून उठवलं नाही. नवीन इन्सुलिन घेऊन येतो, तोवर बाबांना जेवायला थांबव. ऑफिसात उशीर होईल असं कळवलंय.

दूध नासलंय, ओतून दे.

बाबांनी विचारलं तर या वेळी मला पाठीशी घालू नकोस. ‘फिटली का गवयाची हौस?’ म्हणतील. म्हणू देत.

गाणं मात्र झकास झालंय. रागारागात पुसायला बसलो होतो, पण हात धजला नाही.

— धाकटा