पाचवी गाडी

सोमवार, ३ नोव्हेंबर
सुटलो एकदाचे पुण्यातून! बायकोला, राहीला, मालगुंडच्या शाळेत नोकरी, मला रत्नागिरीत रेसिंग गेमच्या कंपनीत. खिडकीतून चक्क समुद्र. गेम रत्नागिरी–मालगुंड रस्त्याचा. मालकीणबाई पद्मजाताईंचा हट्ट, सगळं अगदी खरं हवं. पण कॉम्प्युटर चालवतो त्या चार गाड्या शुद्ध मठ्ठ, शेंबडं पोरही हरवेल. त्यांना शहाणं करायला मी आलोय.

बुधवार, ५
मठ्ठपणाचं मूळ सापडलं. या गाड्या शिकल्यात कंपनीच्या ड्रायव्हरकडून, धाकूकडून. त्याचं गाडी चालवणं नोंदवून तेच त्यांना घोकवलंय. आणि धाकू कड्याच्या वळणावर, राखणदाराच्या, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाच्या, दगडापाशी, थांबून हॉर्न देतो. झालं! भर रेसमध्ये चारही गाड्या तिथे थांबून पोंऽऽ करतात. हसून हसून पोट दुखलं. धाकूचं म्हणणं, तितं थांबल्याबिगर फुडं जायाचा नाय. राहीलाही त्यानं हेच शिकवलंय, शाळेत जाता-येता तीही स्कूटर थांबवते म्हणे. एम.एस्सी. झालेली बाई! इतकी टर उडवली की शेवटी चिडून म्हणाली, नाही थांबणार उद्यापासून.

शुक्रवार, ७
थांबणं काढून टाकलं. दहा मिनिटांचं काम. गाड्या सुसाट. धाकूनं स्क्रीन पाहिली आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. नाटकी माणूस.

सोमवार, १०
सव्वापाचला रेसमध्ये पाचवी गाडी आली. स्कूटर. आमच्या गेममध्ये स्कूटरच नाही! ऑफिसातल्या कुणाचा तरी फडतूस विनोद. वळणावर तिचं मागचं चाक घसरलं, मग सावरली.
घरी आल्यावर राही म्हणाली, आज शाळेतून येताना त्याच वळणावर खडीवरून घसरले, थोडक्यात वाचले.
योगायोग.

मंगळवार, ११
सगळ्या फाइली उपसल्या. स्कूटर कुठेच नाही. सव्वापाचला आलीच. पाठीवर पिवळी सॅक, राहीसारखी. आज चाक कड्याच्या काठावर.
राहीचा गुडघा सोललाय. तिथेच.

बुधवार, १२
थांबणं परत घातलं. चौघी थांबल्या, हॉर्न दिला. स्कूटर नाही थांबली. अर्धं चाक कड्याबाहेर –
राहीला म्हटलं, तिथे थांबत जा. तिला वाटलं, परत टर उडवतोय. हात जोडले, तर जास्तच हसली. माझ्या तोंडून कोण खरं मानणार हे?

गुरुवार, १३
५.०५. राही फोन उचलत नाही. चालवताना ती कधीच –
धाकूच्या पाया पडलो. तो गाडी घेऊन धावलाय. पोचेल का –
५.१४. चौघी वळणावर थांबल्यात. हॉर्न. सारखा हॉर्न. बंदच होत नाही.
पिवळी सॅक दिसली.
वेग कमी कर गं. मी अडाणी, मी गाढव, तू थांब, राही, थां